न्हाणीतला दांडा

परवा-परवापर्यंत ही गोष्ट माझ्या तोंडून कुणीच ऐकली नव्हती. नवऱ्यानं नाही, माहेरच्यांनी नाही, पोटच्या पोरीनं तर नाहीच. म्हणजे — एक गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे. कळंबला आमच्या भागात येऊन विचारलंत तर कुणीही बाई तुम्हाला ती सांगेल. सुरेखाचा सासरा न्हाणीत कसा पडला, का पडला, आणि त्यातून सुरेखा कशी शहाणी झाली. ती गोष्ट मीच सांगत फिरले. आणि ती खोटी आहे.

पडले ते खरं. बाकीचं — थांबा, मला एकदम नाही जमायचं. आधी माणूस सांगते.

माझे सासरे एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात, मीही मामाच म्हणायचे. उंच, सडपातळ, आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूस उठून बसावा. उभी नोकरी चालत्या गाडीत उभं राहून केली. खड्डा येवो, वळण येवो, ब्रेक लागो, पाय रोवून उभे. त्याचा त्यांना फार अभिमान होता. पाहुणे आले की हमखास सांगायचे, “बसलेली मानसं पडायची सीटवरनं, पर म्या उभा राहून कधी पडलो न्हाय.” मी आतून भाकरी थापत ऐकायचे. लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू?

सासूबाई गेल्या, मामा रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली, आणि मग त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. आमची न्हाणी मागच्या बाजूला. स्वयंपाकघरातून एक पायरी खाली उतरायचं, लगेच न्हाणी. मामा लाकडी पाटावर बसून आंघोळ करायचे. बसायचे नीट, उठताना मात्र अडायचे. मग हाक मारायचे. मी शिवणकाम करते, घरातच मशिन आहे. ब्लाऊजची बाही निम्मी लावून झालेली असायची आणि आतून हाक यायची — सुरेखा. मी जायचे. पण कशी जायचे? पाय आपटत जायचे. तोंडानं काही बोलत नव्हते. बोलायची गरजच नव्हती, पायांच्या आवाजावरून सगळं कळत होतं.

एक दिवस मामा भंगारवाल्याकडून लोखंडी दांडा घेऊन आले. जुन्या एसटीतला, उभ्या प्रवाशांनी धरायचा असतो ना, तो. त्यांनी स्वतः मिस्त्री बोलावून न्हाणीच्या दाराला लागून भिंतीत तो पक्का बसवून घेतला. पायरी उतरताना हाताला येईल आणि पाटावरून उठतानाही धरता येईल, असा तिरका. मला बोलावून दाखवलं. धरून बसले, धरून उठले. “बघ. आता तुला हाक मारायची गरज न्हाय.”

मी म्हणाले, बरं झालं. आणि मशिनवर जाऊन बसले. त्या माणसाला हाक मारायची लाज वाटायला लागली होती, ती कशामुळं — हे तेव्हा मनातही आलं नाही. की आलं होतं आणि मी बाजूला सारलं? आता सांगता येत नाही.

तो दांडा मला आवडत नव्हता. गंजलेला, कळकट. त्यावर मामांचा ओला टॉवेल, बनियन, कधी लंगोट. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की पहिल्यांदा तेच दिसायचं. बायका माप द्यायला यायच्या, पाणी प्यायला आत यायच्या, मी पटकन ते दार ओढून घ्यायचे.

मग आमच्या कोमलचं लग्न ठरलं. साखरपुडा घरीच करायचा होता. मुलाकडची माणसं लातूरची, सुधारलेली. मी हट्टानं स्वयंपाकघर आणि न्हाणी दोन्ही नवीन करून घेतलं. पांढऱ्या टाइल्स, खाली वर. खालची फरशीसुद्धा तशीच, गुळगुळीत. मिस्त्री म्हणाला होता, न्हाणीत खरबरीत घाला वहिनी. मला ती खरबरीत फरशी कळकट वाटली. आणि दांडा — दांडा मी कापून काढायला लावला.

मामा तिथंच उभे होते. ते म्हणाले, “सुरेखा, तेवढा दांडा राहू दे.”

मी म्हणाले, साखरपुडा झाला की परत बसवू मामा, नव्या भिंतीत छान बसवू. तेव्हा तसं मनात होतं का? असेलही. साखरपुडा झाला, लग्न झालं, पोरगी सासरी गेली. दांडा मागं हौदापाशी पडलेला. मामांनी आठवण करून दिली. मी म्हणाले, मिस्त्री दुसऱ्या कामावर आहे. पुन्हा एकदा म्हणाले. मी म्हणाले, ड्रिल मारलं तर टाइल फुटेल मामा, नंतर तशी टाइल मिळायची नाही.

नीट ऐका, कारण हे मी परवा-परवापर्यंत कधी शब्दांत मांडलं नव्हतं. टाइलला भोक पडू नये म्हणून मी तो दांडा बसवला नाही.

त्यानंतर त्यांनी विचारायचं सोडलं. भिंतीला हात टेकत उतरायचे. ओल्या टाइलवरून तळवा सरकताना आवाज येतो ना, तो मला मशिनवर ऐकू यायचा. मी मशिन चालू करायचे.

आमचे हे — माझे मिस्टर, मामांचा दिलप्या — यांना काही पत्ता नव्हता. यांचं खता-बियाण्याचं दुकान. सकाळी वरच्या बाथरूममध्ये आंघोळ, की दुकान. मागच्या न्हाणीत यांचं येणं-जाणं नव्हतं. दांडा काढल्याचं यांना दिसलंसुद्धा नाही.

मग ती सकाळ. मी न्हाणीत कपडे धुतले होते आणि साबणाचं पाणी नीट न काढता मशिनवर बसले होते. घाई होती, एका नवरीचे ब्लाऊज द्यायचे होते. मामा आंघोळीला गेले. धप्प असा आवाज आला. किंचाळले वगैरे नाहीत. नुसता आवाज, आणि बादली घरंगळल्याचा.

गेले तर मामा पायरीखाली आडवे. एक पाय विचित्र वळलेला. उजवा हात अजून वर, भिंतीकडं. चेहरा पांढराफटक. मला बघून म्हणाले, “हात सवयीनं तिकडंच गेला गं.” एवढंच. तिकडं म्हणजे कुठं, ते मला सांगावं लागलं नाही.

मी शेजाऱ्यांना हाका मारल्या. यांना फोन केला. हे दुकानातून धावत आले. मामांना उचलायला वाकले आणि वाकता वाकता भिंतीकडं बघितलं. बोलले, “इथला दांडा कुठाय?”

आता इथं काय झालं ते सांगते. शेजारचे दोघं-तिघं उभे. हे माझ्याकडं बघतायत. मामा खाली पडलेले, वेदनेनं ओठ आवळलेले. माझ्याकडं बोलायला काय काय होतं? मी काढला, म्हणता आलं असतं. चूक झाली, म्हणता आलं असतं. काहीच न बोलता रडता आलं असतं.

मी म्हणाले, “मामाच म्हणाले, काढून टाक म्हणून. नको म्हणाले आता.”

मामांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही — राग असता तर मला सोपं गेलं असतं. नुसतं बघितलं. मग मुलाकडं वळून म्हणाले, “व्हय. म्याच म्हणलं.”

ही आहे ती गोष्ट. दांडा काढणं ही चूक होती, मान्य. अशा चुका घरोघरी होतात. पण पडलेल्या माणसाच्या अंगावर मी माझी चूक टाकली, आणि त्यानं ती पडल्या जागेवरून उचलून घेतली. हे मी इतकी वर्षं गिळून बसले.

लातूरला नेलं. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं. ऑपरेशन झालं. परंड्याहून वन्सं आल्या, यांची मोठी बहीण, पुष्पाताई. बापावर फार जीव त्यांचा. आल्या त्या रडत, आणि यांच्याकडून दांड्याचं कळल्यावर बापावर भडकल्या. “दादा, कशाला असला हट्ट करायचा? चांगला बसवलेला दांडा काढायला लावला तुम्ही! ह्या वयात कुणाला ताठा दाखवायचा व्हता?” मामा कॉटवर निजून ऐकत होते. मी बाजूला स्टुलावर बसून मोसंबी सोलत होते. सोलतच राहिले. वन्सं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “तुझे लई हाल झाले बाई आमच्या दादापायी.”

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

घरी आणल्यावर मी त्यांची सेवा केली. हे मी पुण्य म्हणून सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते. आंघोळ, जेवण, लघवीचं भांडं, औषध — सगळं केलं. पण उठू दिलं नाही. डॉक्टरांनी चालवायला सांगितलं होतं. वॉकर आणला होता, तो भिंतीला टेकून उभा. मामा म्हणायचे, जरा उभा राहू का? मी म्हणायचे, नको मामा, पडाल. हे म्हणायचे, नको दादा, पडाल. वन्सं फोनवर म्हणायच्या, अजिबात उठायचं न्हाय. सगळ्यांना वाटायचं सुरेखा किती जपते. पण मी कशाला जपत होते? ते पुन्हा पडले तर पुन्हा कुणीतरी विचारेल, कसे पडले — म्हणून. त्यांना कॉटवर ठेवून मी स्वतःला जपत होते.

पायावरचं मांस उतरलं. मांड्या अशा झाल्या की पायजमा रिकामा वाटायचा. तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर आमच्यावर चिडले. म्हणाले, हाड जुळलंय, माणूस मात्र तुम्ही झोपवून ठेवलाय. भीतीनं असं झोपवून ठेवलेला माणूस अशक्त होतो, आणि अशक्त माणूस हमखास पडतो. त्याला चालता ठेवा आणि घर नीट करा.

परत येताना गाडीत मामा खिडकीबाहेर बघत होते. एसटी गेली की मान वळवायचे. मी त्यांच्याकडं बघत राहिले. ठरवलं — खरं बोलायची हिंमत माझ्यात नाही, निदान हा माणूस कॉटवर मरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं. हौदामागचा दांडा घासून, रंगवून पुन्हा भिंतीत बसवायला लावला. ड्रिल चालू झालं तेव्हा मी तिथं उभी होते. टाइलला साधा तडासुद्धा गेला नाही.

खालची गुळगुळीत फरशी उखडून खरबरीत घातली. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारला, त्यांना कमी दिसायचं म्हणून. पाटाच्या जागी हातांची खुर्ची. कॉट उंच केली. न्हाणीच्या वाटेवर बल्ब लावला. सरकणारं पायपुसणं फेकून दिलं. त्यांची सैल स्लीपर गेली, मागून पट्ट्याची चप्पल आली. आणि रोज सकाळी त्यांना उठवायचे. खुर्चीतून उठा, बसा, उठा. कॉटपासून दारापर्यंत. ते ओरडायचे, शिव्या द्यायचे. “कशाला जीव घेतीस?” मी म्हणायचे, उठा मामा. मशिनवरची कामं मागं पडली, बायका नाराज झाल्या. मी म्हटलं, होऊ देत. कधी कधी त्यांचे पाय लटलट कापायचे, आणि मी त्यांच्या कंबरेचा पट्टा धरून मागं उभी असायचे. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत नसू.

पावसाळा सरता सरता ते गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागले. दिवाळीनंतर वॉकर सुटला, काठी आली. मग एकदा दुपारी मशिनवरून मान वर केली तर मामा घरात नाहीत. जीव उडाला माझा. शोधत गेले तर एसटी स्टँडवर बाकावर बसलेले, काठी मांडीवर आडवी, एका तरुण कंडक्टरशी बोलत. मला बघून हसले. इतक्या महिन्यांत माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसले.

इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढं मी जे केलं ते मला जास्त जड आहे.

मामा चालायला लागले हे गल्लीत दिसलं. बायका विचारायला लागल्या. कुणाची सासू पडलेली, कुणाचा बाप. मी त्यांच्या घरी जायला लागले. न्हाणी बघायचे, पायरी बघायचे, उजेड बघायचे. मिस्त्रीला बरोबर घेऊन दांडे बसवून द्यायचे. बचत गटाच्या बैठकीत मला बोलायला सांगू लागले. मला बोलता येतं असं मला माहीतच नव्हतं. आणि मी बोलायची सुरुवात कशानं करायचे?

“आमच्या मामांनी हट्टानं दांडा काढायला लावला, आणि पडले.”

बायका चुकचुकायच्या. म्हाताऱ्या माना खाली घालायच्या. मी पुढं सांगायचे, म्हणून सांगते आजी, हट्ट करू नका, पोरं सांगतात ते ऐका. टाळ्या पडायच्या. कधी कधी ही बैठक आमच्याच ओसरीवर व्हायची. आतल्या खोलीत मामा कॉटवर बसलेले असायचे. मधे फक्त पडदा. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू जात असणार. एकदाही ते बाहेर आले नाहीत. बायका गेल्या की विचारायचे, “चहा राहिलाय का गं?”

मी स्वतःची समजूत अशी घातली होती की मामांनी मोठ्या मनानं मला झाकलं. देवमाणूस आहेत. सुनेची इज्जत राखली. असं मानलं की छाती जरा हलकी व्हायची. एका दुपारी आम्ही दोघंच घरात होतो. परातीत भाजलेले शेंगदाणे, आम्ही दोघं टरफलं काढत बसलेलो. मी धीर करून विचारलं, “मामा, त्या दिवशी तुम्ही व्हय का म्हणलात?”

कुठल्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही. शेंगदाणे चोळत राहिले.

“मग काय म्हणायचं व्हतं?”

“खरं.”

“खरं म्हणलो असतो तर दिलप्यानं तुला चार मानसांत बोललं असतं. तू तोंड फिरवलं असतंस. पाय मोडलेला मानूस म्या. पानी कोण देनार, भांडं कोण देनार? तूच की.” मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तुला खोटं पाडून म्या कुणाच्या हातानं उठनार व्हतो, सुरेखा?”

आवाज अगदी साधा. बाजारात भाव काय आहे ते सांगावं तसा. मग परात माझ्याकडं सरकवून म्हणाले, “घे. कूट कर.”

मोठं मन नव्हतं ते. भीती होती. माझी भीती. ज्या माणसानं भर बसमध्ये दारुड्यांना कॉलर धरून खाली उतरवलं, तो माणूस जमिनीवर पडल्या पडल्या माझ्या तोंडाकडं बघून हिशेब करत होता — हिला दुखवलं तर आपलं काय होईल. पडण्याच्या आधीही तेच असेल. दांड्याची आठवण करून द्यायचं त्यांनी का सोडलं, हे मला त्या दुपारी कळलं.

आणि कळल्यावर मी काय केलं? कूट केलं. पुढच्या आठवड्यात बचत गटात पुन्हा तीच गोष्ट सांगितली.

मामा त्यानंतर बरीच वर्षं जगले. शेवटी तापानं गेले, पडून नाही. शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी न्हाणीत जात होते. वन्सं शेवटच्या आजारपणात भेटायला आल्या तेव्हाही काहीतरी निघालं — ते औषध घेत नव्हते बहुतेक — आणि वन्सं म्हणाल्या, “दादा, तुमचा हट्ट काही जायचा न्हाय. हट्टापायी मांडी मोडून घेतली, तरी न्हाय.” मामांनी मान हलवली. मी उशाशी बसून होते. तेव्हाही नाही बोलले. मग बोलायचा माणूसच राहिला नाही.

आता परवाचं सांगते. म्हणजे गेल्या महिन्यातलं. पलीकडच्या गल्लीत शीतल म्हणून एक जण राहते. तिची सासू गोदाआजी, ऐंशीच्या घरातली, खुटखुटीत बाई. अंगणात घसरून मनगट मोडलं होतं. शीतलनं मला बोलावलं, चार बायकाही गोळा केल्या. मी सवयीनं सुरुवात केली. आमचे मामा, त्यांचा हट्ट, दांडा. शीतल सासूकडं बघून म्हणाली, “ऐका आत्या. ह्या बी तशाच हट्टी आहेत बरं का सुरेखाताई. सगळं ह्यांच्या हट्टानंच झालं.”

गोदाआजी प्लास्टरचा हात पोटाशी धरून बसल्या होत्या. माझ्याकडं टक लावून बघत म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यानं सोताच काढाय लावला?”

“व्हय आजी.”

“सोता बसवलेला?”

“व्हय.”

आजींनी मान हलवली. मग म्हणाल्या, “मला न्हाय पटत बाई. ज्याला उठाय येत न्हाय तो मानूस आपल्या हातानं आपला आधार काढंल व्हय?” आणि शीतलकडं न बघता, हळूच, “म्या बी कवा म्हणलं व्हतं, की अंगणात शेवाळं राहू द्या?”

बायका हसल्या. शीतलही हसली. म्हातारी काहीतरी बोलतेच, असं. मी हसले नाही. मला दिसलं, की मी इतकी वर्षं घरोघरी काय वाटत फिरले. दांडे तर वाटलेच. पण त्याच्याबरोबर प्रत्येक घरातल्या सुनेला, लेकाला एक वाक्यही देऊन आले — पडलं की म्हणायचं, हट्ट केला. माझं खोटं माझ्या घरात राहिलंच नव्हतं.

घरी आले, हे जेवत होते. यांचं जेवण होऊ दिलं. मग सांगितलं. एका दमात, न थांबता. यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, “आणि मी त्या न्हाणीत कधी गेलोसुद्धा न्हाय बघायला.” उठून हात धुतले. त्या दिवसापासून बोलतात, पण कामापुरतं.

दुसऱ्या दिवशी बार्शीमार्गे परंड्याला गेले. वन्संना फोनवर सांगायचं नव्हतं. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या, मला बघून खूश झाल्या, चहा टाकते म्हणाल्या. मी म्हणाले, आधी ऐका. सगळं सांगितलं. दांडा, टाइल, पडल्यावरचं वाक्य, मोसंबी. मामा शेंगदाणे सोलताना जे बोलले तेही. तेवढं सांगू नये असं वाटलं होतं, पण मग ते राखून मी पुन्हा कुणाला वाचवणार होते?

वन्सं ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. सुपातले दाणे बोटांनी इकडून तिकडं करत राहिल्या. मग म्हणाल्या, “शेवटच्या भेटीत बी म्या त्यास्नी हट्टी म्हणलं.”

मी म्हणाले, “व्हय.”

“आन् तू तिथंच व्हतीस.”

“व्हय. तिथंच होते.”

त्या उठल्या, सूप घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी थोडा वेळ ओसरीवर बसले. मग उठून स्टँडवर आले.

यानंतर अंग चोरून बसायचं नाही हे ठरलेलं होतं. दोन-चार दिवसांनी शीतलकडं निरोप पाठवला, त्याच बायकांना बोलाव. आल्या. गोदाआजींना मधे बसवलं आणि मी उभी राहिले. म्हणाले, त्या दिवशी सांगितलेली गोष्ट खोटी होती. दांडा मी काढला. मामांनी राहू दे म्हणून सांगितलं होतं. पुन्हा बसव म्हणून मागे लागले होते. मी बसवला नाही, आणि ते पडल्यावर दोष त्यांच्यावर घातला. त्यांनी तो घेतला, कारण त्यांना माझी भीती वाटत होती.

कुणी चुकचुकलं नाही. एक जण, जिचे ब्लाऊज माझ्याकडं शिवायला होते, उठून गेली. नंतर येऊन कापड परत घेऊन गेली. शीतल खाली बघत होती.

गोदाआजींनी शांतपणे ऐकून घेतलं. झाल्यावर उठल्या. सुनेला म्हणाल्या, “ऊठ. अंगणातलं शेवाळं म्या दावते, कुठं कुठं हाय ते.” आणि काठी टेकत निघाल्या. शीतल खराटा घेऊन मागोमाग गेली. मी पाण्याची बादली उचलली. आजी बोट दाखवत होत्या, आम्ही दोघी घासत होतो.

बैठका मी बंद केलेल्या नाहीत. बोलावतात तिथं जाते. पूर्वीपेक्षा कमी बोलावतात. गेले की पहिल्यांदा हेच सांगते, सगळं, माझ्या नावासकट, आणि मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून त्यालाच विचारते, तुम्हाला कुठं अडतं. पोराला नाही, सुनेला नाही. तो बोलेपर्यंत बसून राहते.

वन्संचा फोन आलेला नाही.